पैलवानाच्या खुराकाची वही

आमच्या घरी देव्हाऱ्याखालच्या फळीवर एक पिशवी आहे. तिच्यात सातबाराचे उतारे, सोसायटीच्या पावत्या आणि लाल पुठ्ठ्याची एक वही. वहीच्या पहिल्या पानावर माझ्या अक्षरात लिहिलंय : ‘श्री. खुराक खाते. सुरुवात जून १९७७.’ त्या साली मी दहावी पास झालो. घरात लिहितावाचता येणारा मी पहिलाच. कराडला कॉलेजात जायचं माझ्या मनात होतं. त्याच महिन्यात माझा धाकटा भाऊ पंधरा वर्षांचा झाला आणि गावच्या तालमीतल्या वस्तादांनी आबांना सांगितलं, “पोरगं अंगाचं हाय. ह्याला खुराक लावा.”

आबांनी मला जवळ बसवलं आणि म्हणाले, “एका घरातनं एकच गोष्ट हुईल. पैलवान नायतर कॉलेज. तू शाना हाईस. तू हिशेब ठेव.” मग बाजारातनं ही वही आणली. माझी दहावी तिच्यात कामाला आली.

त्या वहीवरनं आज हे लिहितोय. पैलवानकीवर पुष्कळ लिहिलं गेलंय. डाव, मैदानं, गदा, फेटे सगळं त्यात येतं. पैलवान उभा करायला घराला काय पडतं, हे मात्र कुणी फारसं लिहीत नाही. ते आमच्या वहीत आहे. थोडं वहीच्या बाहेरही आहे.

आधी मागचं सांगतो, म्हणजे आबांचं वेड कुठनं आलं ते कळेल.

आमचं गाव कृष्णाकाठचं, कराड तालुक्यातलं. माझा आज्जा कोल्हापूरचं खासबाग मैदान पाहून आला होता. राजर्षी शाहू महाराज १८९४ साली गादीवर बसले आणि त्यांनी कुस्तीला राजाश्रय दिला, हे सगळ्यांना ठाऊक आहे. १९०२ साली ते विलायतेला गेले, तिकडनं रोमचं जुनं मैदान बघून आले आणि १९१२ साली खासबाग उभं राहिलं. मधी हौदा आणि भोवतीनं चढत गेलेली बसायची जागा, म्हणजे कुठनंही बघा, कुस्ती दिसतीच. महाराजांनी पेठापेठांत तालमी जगवल्या, पंजाबातले पैलवान आणून ठेवले. दरबार पोसत होता तेव्हा पैलवानाच्या दुधातुपाची काळजी पैलवानाच्या बापाला नव्हती.

दरबारापर्यंत न पोचलेल्या पैलवानाला गाव सांभाळायचं. आज्जा सांगायचा, गावात एकदोन पोरं चांगली निघाली की घरटी पाळी लागायची. आज ह्या आळीचं दूध, उद्या त्या आळीचं. वारणेपलीकडच्या गावाशी जोड ठरली की तूप गोळा व्हायचं. पैलवान एका घरचा नसायचा. जिंकला तर गावचा आणि हरला तरी गावचाच. हरून आलेल्याला चार घरी जेवण असायचं, कारण त्याच्या अंगात चार घरचं दूध होतं.

हे का बंद पडलं, याचा मी पुष्कळ विचार केलाय. माणसं एकाएकी कंजूष झाली असं मला वाटत नाही. आमच्या गावात डेअरीचं संकलन सुरू झालं, तेव्हापासनं ते तुटलं. त्याआधी दुधाला गावात गिऱ्हाईक नव्हतं. उरलेलं दूध विरजायचं, ताक वाटायचं, तूप कढवायचं. डेअरीची गाडी यायला लागली आणि चरवीतल्या दुधाला दर आला. दर आलेली वस्तू शेजाऱ्याच्या पोराला कोण रोज देईल? डेअरीनं आमची घरं चालवली, त्याबद्दल तक्रार नाही. पण पैलवान गावाच्या खात्यावरनं निघाला आणि एका घराच्या खात्यावर आला, तो तेव्हाच.

आता आबांचं. १९५२ साली आबा बावीस वर्षांचे होते. त्या साली शेजारच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी हेलसिंकीच्या ऑलिम्पिकमधनं कांस्यपदक आणलं. त्याच ऑलिम्पिकात आपल्या हॉकीच्या संघानं सोनं मिळवलं, पण एकट्यानं मिळवलेलं स्वतंत्र भारताचं पहिलं पदक खाशाबांचं. दुसरं यायला १९९६ साल उजाडलं. खाशाबा कराडला उतरले तेव्हा शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. त्यात एक गाडी आमची होती. आबा स्वतः हाकत होते. बैलांची शिंगं रंगवली होती, गोंडे बांधले होते. तासाभराच्याही आतल्या वाटेला सगळा दिवस गेला, असं आबा सांगायचे. त्या दिवशी त्यांनी मनात धरलं की आपल्या घरातनं एक पैलवान निघाला पाहिजे.

आबांनी मिरवणूक बघितली. मिरवणुकीच्या मागचं कर्ज त्यांना दिसलं नाही. खाशाबा १९४८ साली लंडनला गेले होते तेव्हा खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी केला होता. हेलसिंकीच्या वेळी संस्थान राहिलं नव्हतं आणि सरकारातनं मदत अपुरी होती. गावोगावची वर्गणी झाली. तरी कमी पडलं. मग राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपलं राहतं घर सात हजारांना गहाण टाकलं. पदक घेऊन आल्यावर खाशाबांनी फुकट हार घेतले नाहीत. कुस्त्यांची मैदानं भरवली, स्वतः लढले आणि त्या पैशातनं गुरुजींचं घर सोडवलं. म्हणजे ऑलिम्पिकचं पदक आणूनही देणं पैलवानाच्याच अंगानं फेडलं गेलं. पुढं १९५५ साली ते पोलीस खात्यात फौजदार म्हणून लागले. १९८४ साली अपघातात गेले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणानंतर.

हे मला फार उशिरा कळलं. १९७७ साली कळलं असतं तर आबांना सांगितलं असतं. त्यांनी ऐकलं असतं का, ते सांगता येत नाही.

आता वही उघडतो.

पहिली तीन वर्षं भाऊ गावच्याच तालमीत होता. रोज दूध तीन लिटर. सकाळी मेहनत झाल्यावर एक, दुपारी अर्धा, रात्री दीड. तूप आठवड्याला एक शेर. बदाम रोज आधी पंचवीस, मग पन्नास. मटण आठवड्यातनं दोनदा. त्या काळी किलोभर बदामाची किंमत रोजगारी बाईच्या आठवड्याच्या मजुरीपेक्षा जास्त होती. आई बदाम मोजून डब्यात ठेवायची आणि डब्याला कडी लावायची. घरात आम्ही भावंडं तीन. मोठी अक्का, मग मी, मग धाकला. बदाम कुणी चोरले नाहीत, पण डब्याकडं बघायचो जरूर.

लोक म्हणायचे, “दूध काय, घरचंच हाय की.” घरचं दूध फुकट नसतं, हे मला वहीनं शिकवलं. मी एका बाजूला भावानं पिलेलं दूध लिहायचो आणि दुसऱ्या बाजूला तेच डेअरीला घातलं असतं तर किती आले असते ते. आबांनी एकदा ती दुसरी बाजू बघितली आणि म्हणाले, “ही बाजू ल्हिऊ नगंस. अपशकुन हुतोय.” मी लिहीत राहिलो, फक्त बारीक अक्षरात. रोजचं तीन लिटर धरून आठ वर्षांचं दूध मोजलं तर पावणेनऊ हजार लिटर होतं.

१९८० साली भाऊ कोल्हापूरला तालमीत गेला. तालमीत फी अशी काही नव्हती. वस्तादाला गुरुपौर्णिमेला फेटा, नारळ आणि जमेल ते. राहायला तालमीचा माळा, झोपायला घोंगडं. पहाटे चारला उठायचं, हौद्यातली माती उकरायची, जोर-बैठका, मग लढत. मातीत हळद, ताक, तेल, लिंबू पडायचं. त्या मातीचा वास भाऊ घरी आला की त्याच्याआधी घरात यायचा. पोरं आपली आपण स्वयंपाक करायची, कुंडीत बदाम घोटून थंडाई करायची. गंगावेशीत कट्ट्यावर म्हशी आणून लोकांसमोर धार काढतात, तिथं पैलवानांची रांग लागायची.

फी नव्हती, पण खुराक ज्याचा त्याचा. दर आठ दिवसांनी एसटीनं भाकरी, तुपाची किटली, बदामाची पुडी जायची. कंडक्टर ओळखीचा झाला होता. कराडहून दूध पाठवलं तर नासायचं. म्हणून आम्ही घरचं दूध डेअरीला घालायचो आणि त्याच पैशानं भाऊ कोल्हापुरात दूध घ्यायचा. डेअरीचा दर आणि कट्ट्यावरचा दर यांत फरक. चार लिटर घालावं तेव्हा तिथं जेमतेम तीन मिळायचं. हा मधला लिटर कुठं जातो, हे आबांना कधी पटवता आलं नाही.

वहीतलं १९८० सालचं एक पान : ‘आईची बोरमाळ. सोनाराकडं ठेवली.’ सोडवल्याची नोंद पुढं कुठं नाही. १९८२ सालचं पान : ‘मळीची तीस गुंठे. खरेदीखत झालं.’ नदीकाठची मळी म्हणजे पोटचा गोळा. कर्ज वाढत गेलं तसं आबांनी ती विकली. आज तिथं दुसऱ्याचा ऊस उभा असतो. मी त्या बांधावरनं जाताना अजून मान खाली घालून जातो.

आवक सुद्धा लिहिली आहे, खोटं कशाला बोलू. यात्रेच्या फडात पहिल्या साली रेवड्यांची कुस्ती, मग नारळाची, मग पाच रुपये, अकरा रुपये. कोल्हापूरला गेल्यावर शंभर, दोनशे, एकदा पाचशे. हलगी कडाडली, भावानं शड्डू ठोकला आणि समोरचा चितपट झाला की आबा फेटा उडवायचे. मीही नाचलोय. त्या क्षणाला वही आठवत नव्हती. चैत्रात यात्रा झाल्या की आवकीची बाजू भरायची आणि आषाढापर्यंत रिकामी व्हायची.

आमच्या मुलखात त्या वेळी प्रत्येक बापाच्या डोळ्यापुढं मोठी नावं होती. श्रीपती खंचनाळे १९५९ साली हिंदकेसरी झाले. कवठेपिरानचे मारुती माने जाकार्ताच्या आशियाई स्पर्धेतनं पदक घेऊन आले आणि १९६४ साली हिंदकेसरी झाले. १९६१ पासनं महाराष्ट्र केसरी सुरू झाली. ही सगळी शेतकऱ्यांचीच पोरं. बाप म्हणायचा, त्यांचं झालं, आमचं का नाही? पण वर्षाला गदा एकच. एका गदेखाली किती म्हशी, किती बोरमाळा, किती गुंठे गेले, ते मोजायला कुणी बसलं नाही.

खर्चाचं सांगितलं. ओझ्याचं सांगायचं राहिलं. ते वहीत नाही.

भाऊ हरला की घरात चूल पेटायची, पण कुणी जेवायचं नाही. आबा ओरडायचे नाहीत. ते गप बसायचे, गोठ्यात जाऊन म्हशीच्या अंगावरनं हात फिरवायचे. एकदा माचणूरच्या माळावर वगैरे कुठं नाही, आमच्याच पंचक्रोशीतल्या फडात भाऊ हरला. रात्री अंगणात माझ्या शेजारी झोपला होता. म्हणाला, “दादा, मला हरायचं भ्या वाटत न्हाई. आबा गोठ्यात जात्यात, त्याचं वाटतंय.” तो तेव्हा एकोणीस वर्षांचा होता. शंभर किलोचं अंग, मोडलेले कान आणि आवाज लहान पोराचा.

मी काही बोललो नाही.

आता जे सांगायचंय ते मी इतकी वर्षं कुणाला सांगितलेलं नाही. वहीच्या शेवटच्या पानात दुमडलेलं एक पोस्टकार्ड आहे, डिसेंबर १९८४ चं. भावाचं. ‘तीर्थरूप आबांना शिरसाष्टांग नमस्कार. गुडघा सुजतो. वस्ताद म्हणतात दोन महिने माती बंद कर. घरी येऊ का. कळवावे.’

आबांनी मला उत्तर लिहायला बसवलं. ते सांगत गेले आणि मी लिहीत गेलो. चैत्रातली कुस्ती बोलून झाली आहे, वर्गणी गोळा झाली आहे, आता येऊन बसलास तर लोक काय म्हणतील. आबा थांबले. पोस्टकार्डावर अजून एक ओळ बसत होती. मी माझ्या मनानं लिहिलं : ‘आणखी थोडं सोस.’

ती ओळ आबांची नव्हती. माझी होती. का लिहिली? मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आलो की भावाच्या भल्यासाठी. खरं ते तसं नाही. माझं कॉलेज त्या खात्यात गेलं होतं. सात वर्षं मी वही लिहीत होतो. ते सगळं वसूल व्हावं असं मला वाटत होतं. भाऊ घरी आला असता तर माझंही सगळं बुडालं असतं. घरानं एकदा एका पोरावर इतकं लावलं की मग घर त्याला थांबू देत नाही. बाप तर नाहीच, भाऊसुद्धा नाही.

१९८५ च्या चैत्रात भाऊ लढला. सातव्या-आठव्या मिनिटाला समोरच्यानं पट काढला आणि भावाचा गुडघा वळला. मी काठावर होतो. गर्दीत आवाज ऐकू येणं शक्य नाही, पण मला वाटतं मी ऐकला. हाडवैद्याकडं नेलं, लेप लावले, मुंबईला ऑपरेशन करा असं कुणी म्हणालं. आमच्याकडं मुंबईला जायच्या भाड्याचीही सोय नव्हती. वहीत त्यानंतर एकच नोंद आहे : ‘खाते बंद.’

पैलवानकी थांबली तरी भूक थांबत नाही, हे अंगाला ठाऊक असणारेच जाणतात. आठ वर्षं सवय लागलेलं अंग, आणि ताटात भाकरी-आमटी. भाऊ सुटला, मग खंगला. एका साखर कारखान्यावर रखवालदार म्हणून लागला आणि तिथनंच रिटायर झाला. दारूला लागला नाही, हे तालमीचं देणं मी मानतो. शिस्त, शब्द, चार जिल्ह्यांतले जीवाला जीव देणारे सोबती, हे त्यानं तिथनं आणलं. आज त्रेसष्टाव्या वर्षी पहाटे पाचला गावच्या तालमीत पोरं घेतो. दोन्ही गुडघ्यांना पट्टे. काठावर बसून तोंडानं डाव सांगतो. त्यानं आबांना कधी बोल लावला नाही. आबा २००३ साली गेले, तेव्हा खांदा द्यायला तो लंगडत पुढं होता.

मधल्या काळात कुस्ती बदलली. माती होती तिथं मॅट आली. ऑलिम्पिकला जायचं तर मॅटच पाहिजे. महाराष्ट्र केसरीला आता एका बाजूनं माती, दुसऱ्या बाजूनं गादी, आणि दोन्हीकडचे विजेते शेवटी भिडतात. साखर कारखान्यांनी मानधनावर पैलवान धरले, त्यातनं काही घरं तरली. सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के जागा आल्या. ह्या चांगल्या गोष्टी झाल्या. पण २०१९ च्या महापुरात कोल्हापूर-सांगलीकडच्या तालमींत पाणी शिरलं आणि लगेच २०२० ला लॉकडाऊन लागलं. दोन चैत्र यात्राच भरल्या नाहीत. ज्यांचा वर्षाचा खुराक यात्रेच्या इनामावर, ती पोरं उसाच्या फडात, गवंड्याच्या हाताखाली गेली. आमच्या तालमीतली दोन गेली ती परत मातीत उतरली नाहीत.

आणि आता अकॅडमी आल्या. राहणं, जेवण, मॅट, व्यायामाची यंत्रं, सगळं एका जागी. तिथं आठ-दहा वर्षांची पोरं ठेवतात. शिकवणारे चांगले असतील, मी नाव ठेवत नाही. पण पूर्वी वस्ताद पोरगं पारखून बापाला सांगायचा. आता बाप पैसे भरून पोरगं पाठवतो.

हे लिहायला कारण तेच. माझ्या भावाचा नातू बारा वर्षांचा आहे. अंगानं थेट आज्ज्यावर गेलाय. त्याच्या बापाला, म्हणजे माझ्या पुतण्याला, एका अकॅडमीचा कागद मिळाला. फी आणि वरचा खुराक धरून महिन्याला वीस हजारांच्या घरात. बदाम आज किलोला आठशे-हजार. पुतण्या म्हणाला, “दोन एकर हाय, त्यातलं अर्धं गहाण टाकतो.” उन्हाळ्याची सुट्टी होती. अक्का माहेरपणाला आली होती. सगळे सोप्यात बसलो.

भाऊ मला म्हणाला, “दादा, ती वही आण.”

वही असल्याचं त्याला ठाऊक होतं. त्यानं ती कधी मागितली नव्हती, मी कधी दाखवली नव्हती. त्यानं चष्मा लावून पान न् पान बघितलं. बोरमाळ बघितली. मळी बघितली. पोस्टकार्ड हातात घेतलं. मी म्हणालो, “त्याच्या उत्तरातली शेवटची ओळ माझी होती. आबांनी सांगितली न्हवती.”

तो म्हणाला, “तवाच कळलं हुतं. आबांच्या तोंडात ‘सोस’ न्हवतं. आबा ‘रेट’ म्हणायचे.”

इतकंच. चाळीस वर्षं मी ते मनात ठेवलं होतं आणि त्यालाही चाळीस वर्षं ठाऊक होतं. मग तो पुन्हा वही चाळत राहिला, पार पहिल्या पानापर्यंत गेला आणि मला विचारलं, “ह्यात अक्काचं कुठाय?”

मी समजलो नाही. तो म्हणाला, “पहाटं चारला धार कोण काढायचं? वैरणीचा भारा कुणी आणला? अक्काची शाळा चौथीतनं सुटली, ती म्हस आली म्हणून. तिचं लगीन दोन साल लांबलं. ती कुठल्या बाजूला लिवलीस?”

अक्का भिंतीला टेकून बसली होती. तिला सदुसष्ट वर्षं झालीत. ती हसली आणि म्हणाली, “मी कुठली वहीत? आरं, तीन वर्सं धार मी काढली, पर दुधाची चव मला सासरी गेल्यावर कळली. हितं आमचा च्या कोराच.” रागानं म्हणाली नाही. म्हणून जास्त लागलं.

मी दोन्ही बाजू लिहिणारा माणूस. डेअरीचा बारीक अक्षरातला हिशेब सुद्धा लिहिला. अक्काची ओळ मात्र माझ्या डोक्यातच आली नाही. घरातला कुणीही माणूस कष्ट करतो ते धरायचेच असतात, पण पोरीचे कष्ट आम्ही म्हशीच्या दुधातच धरले.

संध्याकाळपर्यंत बोलणं झालं. पुतण्या थोडा रागावला. त्याचंही खरं होतं, “आज न्हाई घातलं तर वय जातंय.” शेवटी भावानं ठरवलं. नातू दहावीपर्यंत गावच्या तालमीत आणि गावच्या शाळेत. त्याला आज्जा शिकवील. आठवड्यातनं दोनदा कराडला मॅटवर न्यायचं. जमिनीला हात लावायचा नाही. खुराक म्हणून जे दूध त्याला, तितकंच त्याच्या धाकट्या बहिणीला. आणि पोरगं ज्या दिवशी म्हणेल की मला नको, त्या दिवशी कुणी का म्हणून विचारायचं नाही. हे शेवटचं भावानं दोनदा सांगितलं, माझ्याकडं बघून.

त्या बहिणीचं वय आठ. ती तिथंच विचारती झाली, “मग मी पण तालमीत येऊ?” २०२३ साली सांगलीत महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी झाली, प्रतीक्षा बागडीनं गदा घेतली, हे तिनं मोबाईलवर बघितलंय. भाऊ म्हणाला, “ये की. पर पहाटं पाचला.” ती रोज येत नाही. कधी येते, कधी झोपते. तिला कुणी उठवत नाही.

आमचं ठरवलेलं बरोबर का चूक, ते आज सांगता यायचं नाही. कदाचित पोरात खरोखर गदा असेल आणि आमच्या भित्रेपणानं ती जाईल. पुतण्याला तसंच वाटतं आणि तो ते बोलूनही दाखवतो. मी त्याला उत्तर देत नाही. वहीत बरीच कोरी पानं शिल्लक होती. त्यावर मी नवीन खातं घातलंय. ह्या वेळी तीन बाजू आखल्यात. एक खर्चाची, एक आवकीची. तिसऱ्या बाजूला घरातल्या कुणी काय सोडलं ते लिहायचं. पहिली ओळ मागची आहे. तारीख घातली जून १९७७ आणि पुढं लिहिलं : ‘अक्का.’ समोर आकडा लिहायला गेलो. काय लिहावं ते कळलं नाही. जागा सोडून ठेवलीय.